एक मृत्यू, 91 विरुद्ध 3 मतं आणि आईचं पत्र : जॉर्जिया, 1897

कॉलेजच्या मॅचमध्ये एखादा मुलगा गेला की खेळच बंद करा अशी मागणी होते, ती मान्य करायची की नाही हे कोणी ठरवायचं आणि कशाच्या आधारावर, या प्रश्नासाठी मला अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचं 1897 चं प्रकरण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्यात निर्णय घेणारी माणसं अगदी स्पष्ट दिसतात आणि कोणता प्रश्न कुणी विचारलाच नाही तेही दिसतं. अमेरिकन फुटबॉलची माहिती नसली तरी चालेल, लागेल तेवढं मधे सांगतो.

आधी घटना.

30 ऑक्टोबर 1897, शनिवार, अटलांटामधलं ब्रिस्बाइन पार्क. युनिव्हर्सिटी ऑफ जॉर्जिया विरुद्ध युनिव्हर्सिटी ऑफ व्हर्जिनिया. जॉर्जियाची टीम फॉर्मात होती, त्याच सीझनमध्ये क्लेमसनला 24-0 आणि जॉर्जिया टेकला 28-0 असं हरवून आलेली. फुलबॅकच्या, म्हणजे लाइनच्या मागच्या, जागी खेळत होता रिचर्ड व्हॉन गॅमन, सगळे त्याला व्हॉनच म्हणायचे, वय 17, अठरा पूर्ण व्हायला पाचेक आठवडे बाकी. मूळचा जॉर्जियातल्याच रोम नावाच्या गावचा, इटलीतल्या रोमशी त्याचा फक्त नावापुरता संबंध. आदल्या वर्षी 1896 मध्ये तो क्वार्टरबॅक, म्हणजे चाल सुरू करून देणारा, होता आणि त्या सीझनमध्ये जॉर्जिया चारच्या चार मॅच जिंकली होती, कोच होता पॉप वॉर्नर, ज्याचं नाव पुढे अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासात फार मोठं झालं.

दुसऱ्या हाफमध्ये व्हर्जिनियाने बॉल घेऊन जॉर्जियाच्या लाइनवर, म्हणजे समोर रांगेत उभ्या खेळाडूंवर, सरळ धडक मारली आणि व्हॉन ती अडवायला त्या गर्दीत झेपावला. ढीग उठला, एकेक जण बाजूला झाला, आणि खाली व्हॉन पडलेला, हलत नव्हता. प्रेक्षकांत डॉक्टर होते ते धावत आले, डोक्याला जबर मार लागलाय हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. थोड्या वेळाने त्याला उभं करून मैदानाबाहेर न्यायला लागले तेव्हा कॅप्टन विल्यम केंटने त्याला विचारलं, व्हॉन, हार मानून चाललास की काय, आणि तो म्हणाला नाही बिल, माझ्यात जॉर्जियाची जिद्द आहे, इतक्यात हार मानायचो नाही. हा संवाद त्या राज्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो. त्यानंतर तो बोलला नाही असं सांगतात. त्याला ग्रेडी हॉस्पिटलला नेलं आणि 31 तारखेला पहाटे तो गेला. मॅच व्हर्जिनियाने 17-4 अशी जिंकलेली होती.

केंटचा प्रश्न आज वाचताना अंगावर येतो, पण त्याच्यावर राग काढण्यात अर्थ नाही, तोही विद्यार्थीच होता. डोक्याला मार लागलेल्या मुलाला हिंमत विचारायची हीच तेव्हाची रीत होती, आणि सीझन त्या रीतीवरच चालायचा, कारण एकदा बदली केलेल्या खेळाडूला परत मैदानात येता यायचं नाही. म्हणजे चक्कर आली, जरा बसतो आणि येतो, असा प्रकारच नाही. बाहेर गेलास की संपलं, आणि टीम एका चांगल्या माणसाने कमी.

मुलं एवढा जीव का लावत होती

हा भाग समजल्याशिवाय पुढचं आईचं पत्र समजणार नाही, म्हणून इथे जरा थांबतो.

जॉर्जियातल्याच ॲथेन्स नावाच्या छोट्या गावातलं हे विद्यापीठ, सनद 1785 ची, म्हणजे चांगलंच जुनं. एकोणिसाव्या शतकातला बराचसा काळ तिथल्या विद्यार्थ्याची इज्जत मैदानावर ठरायचीच नाही, ती वादविवादात ठरायची. डेमॉस्थेनियन सोसायटी 1803 ची आणि फाय कॅपा सोसायटी 1820 ची, दोघींचं हाडवैर, आणि पोरं या नाहीतर त्या सोसायटीची. भाषण चांगलं करणारा मुलगा म्हणजे कॉलेजचा हिरो, कारण पुढे वकील व्हायचं, राजकारणात जायचं. मुली नाहीत, काळे विद्यार्थी नाहीत (ते 1961 मध्ये आले, तेही कोर्टामार्फत), सगळी गोऱ्या घरांतली मुलं.

मग 1890 च्या सुमारास चार्ल्स हर्टी नावाचा तरुण केमिस्ट्रीचा माणूस जॉन्स हॉपकिन्समधून पीएचडी करून परत आला आणि त्याने ॲथेन्समध्ये फुटबॉल आणला. पहिली मॅच 30 जानेवारी 1892, मर्सरविरुद्ध, जॉर्जियाने 50-0 मारली. महिनाभराच्या आत अटलांटाच्या पीडमाँट पार्कमध्ये ऑबर्नशी मॅच, तिथे 10-0 ने हरले, आणि जॉर्जियाच्या टीमसोबत मॅस्कट, म्हणजे शुभचिन्ह, म्हणून एक बोकड होता. पाच-सहा वर्षांत चित्र पार बदललं. ट्रेन भरभरून पोरं अटलांटाला जायला लागली, पेपरात नावं यायला लागली, तिकिटांचा पैसा आला, बाहेरून पगारी कोच आला. भाषणातल्या हिरोच्या शेजारी आता मैदानातला हिरो येऊन बसला. अमेरिकेतलं उत्तर-दक्षिण यादवी युद्ध संपून तीसेक वर्षं झालेली, दक्षिणेतल्या घराघरात हरल्याची आठवण ताजी, बाप-आजोबा लढाईच्या गोष्टी सांगणारे, आणि पोरांना आपण मर्द आहोत हे दाखवायला जागा हवी होती. ती जागा त्यांना मैदानावर सापडली. माझं मत विचाराल तर ‘माझ्यात जॉर्जियाची जिद्द आहे’ हे वाक्य तिथूनच आलंय, ते एकट्या व्हॉनचं नाही.

विरोधही होताच. शेजारच्या एमोरी कॉलेजच्या वॉरेन कँडलर या अध्यक्षांनी 1891 मध्येच बाहेरच्या कॉलेजांशी मॅच खेळायला मुलांना बंदी केली होती. ते मेथडिस्ट पाद्री, त्यांच्या मते या मॅच म्हणजे पैसा, जुगार आणि अभ्यासाचं वाटोळं. त्यांचं सगळंच चूक होतं असं मला वाटत नाही.

खेळ नेमका कुठे जीवघेणा होता

आता नियम, कारण माझ्या मते सगळं प्रकरण इथे अडकलंय.

तेव्हाच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये अकरा-अकराच्या दोन टीम, मैदान 110 यार्ड लांब. बॉल तुमच्याकडे असेल तर तीन प्रयत्नांत, त्यांच्या भाषेत तीन डाउनमध्ये, 5 यार्ड पुढे जायचं, नाही जमलं तर बॉल समोरच्याकडे. हा 1882 चा नियम, येलच्या वॉल्टर कॅम्पच्या डोक्यातला. बॉल पुढे फेकायला सक्त मनाई. 1888 मध्ये कमरेखाली गुडघ्यापर्यंत टॅकल करायला, म्हणजे धरून पाडायला, परवानगी मिळाली. या तिन्ही गोष्टी एकत्र ठेवून बघा काय होतं ते. मोकळ्या मैदानात पळणाऱ्याला आता पायाला धरून पाडणं सोपं झालं, म्हणून मोकळं पळणं परवडेना, पुढे फेकता येत नाही, आणि गरज फक्त 5 यार्डांची, त्यातही तीन चान्स. मग शहाणा कोच काय करेल, आपली सगळी माणसं एका जागी गोळा करेल, त्यांच्या मधे बॉलवाला, मागून त्याला ढकलायचं, पुढून ओढायचं (दोन्हीला परवानगी होती), आणि समोरच्या एकाच माणसावर तो सगळा गठ्ठा नेऊन आदळायचा, परत परत, तोच माणूस दमेपर्यंत किंवा पडेपर्यंत. कबड्डीत एका रेडरला सातजण मिळून दाबतात ते आठवा आणि उलटं करा, इथे गठ्ठा चाल करून यायचा आणि एकट्याने त्याच्यासमोर उभं राहायचं.

1892 मध्ये हार्वर्डने येलविरुद्ध पाचरीसारखी रचना करून धावत येऊन धडकायची युक्ती काढली, ती इतकी भयानक निघाली की दोन वर्षांत ती सुरुवातीची धावती पाचर नियमाने बंद केली. पण गठ्ठ्याने आदळणं बंद झालं नाही. हेल्मेटची सक्ती नाही, ती कॉलेज फुटबॉलमध्ये थेट 1939 मध्ये आली. 1890 च्या दशकातली पोरं सीझनआधी केस वाढवायची, डोक्याला तेवढंच संरक्षण म्हणून.

म्हणजे व्हॉन ज्या गर्दीत झेपावला ती गर्दी अपघाताने जमलेली नव्हती. नियमांनीच ती जमवली होती. मैदानावर कुणीही नियम मोडला नाही, व्हर्जिनियाने नाही, जॉर्जियाने नाही, आणि तरी 17 वर्षांचा मुलगा गेला.

तीन आठवडे

मृत्यूची बातमी पसरली तसं राज्य हादरलं. जॉर्जिया, जॉर्जिया टेक आणि मर्सर या तिन्ही टीमनी उरलेला सीझन सोडून दिला. विधिमंडळाचं अधिवेशन चालूच होतं, त्यामुळे फुटबॉलवर बंदी घालणारं विधेयक लगेच आलं आणि खालच्या सभागृहात 91 विरुद्ध 3 मतांनी पास झालं. नोव्हेंबरातच सिनेटमध्येही 31 विरुद्ध 4. आता उरली होती फक्त राज्यपालांची सही, आणि एवढं बहुमत असताना राज्यपाल सही करणार हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं. पेपरांनी फुटबॉल संपला असं लिहूनही टाकलं.

या आकड्यांकडे मी बराच वेळ बघत बसतो. 91 विरुद्ध 3 म्हणजे कुणी कुणाशी वाद घातलेलाच नाही. ज्या प्रतिनिधींनी बंदीला मत दिलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, मेलेल्या मुलाची बाजू घ्यायला ते उभे राहिले, पण पेपरातल्या बातम्यांच्या आणि संतापाच्या लाटेत मत दिलं की कारण तपासायला वेळ उरत नाही. विधेयकासमोर प्रश्न होता, फुटबॉल हवा की नको. कोणती चाल घातक आहे हा प्रश्नच नव्हता.

आणि मग रोमवरून पत्र आलं. रोझालिंड गॅमन, व्हॉनची आई. तिने आपल्या फ्लॉइड काउंटीच्या प्रतिनिधीला लिहिलं. मतितार्थ असा, की माझ्या मुलाच्या मृत्यूचा वापर विद्यापीठातल्या खेळांविरुद्ध होऊ देऊ नका, तुमचं वजन वापरून हे थांबवलंत तर आमच्या कुटुंबावर सगळ्यात मोठे उपकार होतील. त्याचं आपल्या कॉलेजवर आणि खेळावर किती प्रेम होतं हे त्याच्या मित्रांना ठाऊक आहे, आणि ज्या गोष्टीवर त्याने एवढा जीव लावला तिलाच त्याच्या जाण्याने धक्का बसावा हे फार दुःखाचं होईल.

मुलाला जाऊन काही दिवसच झालेत, त्या अवस्थेत एखादी आई असं लिहिते, हे वाचल्यावर तिच्याबद्दल टीकेचा शब्द काढायची हिंमत होत नाही आणि काढायचं कारणही नाही. मुलाचं जे काही मागे उरलं ते तिला वाचवायचं होतं.

राज्यपाल होते विल्यम ॲटकिन्सन. स्वतः याच विद्यापीठाचे, 1877 चे पदवीधर. शिक्षणाबद्दल आस्था असलेला माणूस, मिलेजव्हिलला मुलींसाठी सरकारी कॉलेज निघालं त्याचं विधेयक 1889 मध्ये यांनीच आमदार असताना आणलं होतं. 7 डिसेंबर 1897 ला त्यांनी फुटबॉलबंदीवर व्हेटो टाकला, म्हणजे नकाराधिकार वापरून ते विधेयक रोखलं. आईचं पत्र हे त्यामागचं मोठं कारण मानलं जातं. पुढच्या वर्षी, 1898 मध्ये, जॉर्जियाची टीम परत मैदानात उतरली.

आज जॉर्जियाच्या फुटबॉलचे चाहते रोझालिंड गॅमनना आपल्या खेळाची तारणहार मानतात. व्हर्जिनिया विद्यापीठाने 1921 मध्ये जॉर्जियाला एक ब्राँझची पाटी भेट दिली, तिच्यावर आई आणि मुलगा दोघं आहेत. ज्या टीमसमोर तो पडला तिनेच ती दिली, हे मला फार मोलाचं वाटतं.

निर्णय बरोबर होता का

व्हेटो बरोबर होता असं माझं मत आहे. एका राज्याने बंदी घातली असती तर मुलं टेनेसीत जाऊन खेळली असती, नाहीतर गावाबाहेर चोरून खेळली असती, तेही डॉक्टरशिवाय. आणि बहुमत कितीही मोठं असलं तरी रागाच्या भरात तीन आठवड्यांत झालेल्या कायद्यावर कुणीतरी थांबा म्हणायलाच हवं होतं.

पण व्हेटोनंतर काय झालं ते बघा. काहीही झालं नाही. म्हणजे अक्षरशः, 1898 मध्ये खेळ सुरू झाला तो त्याच गठ्ठ्याच्या चालींनी, तशाच ढकलाढकलीने, हेल्मेटच्या सक्तीशिवाय. बंदी मागणारे हरले म्हणून गप्प, खेळ मागणारे जिंकले म्हणून खूष, आणि ज्या नियमांमुळे ती गर्दी तयार होत होती ते नियम कुणाच्याच हिशोबात नव्हते. आईच्या पत्राने खेळ बंद करायचा का याचं उत्तर दिलं होतं. कसा खेळायचा याचं उत्तर तिने देणं अपेक्षितच नव्हतं, ते काम दुसऱ्यांचं होतं, आणि ते दुसरे तिच्या पत्राआड निवांत झाले. माझी या प्रकरणातली खरी तक्रार इथे आहे.

बरं, ते दुसरे अस्तित्वातच नव्हते असंही नाही. डिसेंबर 1894 मध्ये, याच अटलांटा शहरात, व्हँडरबिल्टचे केमिस्ट्रीचे प्राध्यापक विल्यम डडली यांच्या पुढाकाराने दक्षिणेतल्या सात कॉलेजांनी एकत्र येऊन सदर्न इंटरकॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन काढली होती, जॉर्जिया तिचा संस्थापक सदस्य. पण या संस्थेचं लक्ष कशाकडे, तर खेळाडू खरा विद्यार्थी आहे का, पैसे घेऊन खेळतोय का, याच्याकडे. चांगली कामं आहेत ही, गरजेचीही होती, तेव्हा खरोखर भाड्याचे खेळाडू आणून उभे करायचे. फक्त मुलांचे जीव त्यांच्या अजेंड्यावर नव्हते. आणि खेळाचे नियम ठरायचे तिकडे उत्तरेत, येल-हार्वर्ड-प्रिन्स्टनच्या मंडळींमध्ये, कॅम्पच्या वजनाखाली, जॉर्जियातल्या एका मृत्यूने त्यांच्या टेबलावरचा कागद हलला नाही.

सगळ्यात चटका लावणारी गोष्ट अजून सांगायचीय. या मृत्यूच्या दोनच वर्षं आधी, ऑक्टोबर 1895 मध्ये, अटलांटातच जॉर्जियाची नॉर्थ कॅरोलायनाशी मॅच होती. जॉन हाइजमन तिथे बघायला हजर होता, तेव्हा तो ऑबर्नचा कोच होता. त्याने नंतर लिहून ठेवलंय की नॉर्थ कॅरोलायनाचा किक मारणारा खेळाडू अंगावर आलेल्या गर्दीत सापडला आणि घाबरून त्याने बॉल सरळ पुढे फेकला, त्याच्याच टीममधल्या एकाने तो पकडला आणि पळत जाऊन टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवले. साफ बेकायदा. जॉर्जियाचा कोच वॉर्नर भडकला, पण फेकताना आपण पाहिलंच नाही असं रेफ्रींचं म्हणणं, आणि जॉर्जिया 6-0 हरली. हाइजमनच्या डोक्यात मात्र तिथेच लख्ख झालं, बॉल पुढे फेकायला परवानगी दिली तर बचाव करणाऱ्यांना मैदानभर पसरावं लागेल आणि ही एका जागी होणारी चेंगराचेंगरी आपोआप सुटेल. पुढे त्याने कॅम्पला पत्रं लिहिली, वर्षानुवर्षं मागे लागला.

म्हणजे उपाय त्याच शहरात, त्याच टीमच्या मॅचमध्ये, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत येऊन गेला होता. तो नियमभंग म्हणून नोंदला गेला आणि ज्या चालीत व्हॉन गेला ती कायदेशीर राहिली.

देशाला जाग यायला आणखी आठ वर्षं लागली. 1905 च्या सीझनमध्ये देशभरात डझनाहून जास्त मुलं गेली. ऑक्टोबरात राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या लोकांना व्हाइट हाउसला बोलावून घेतलं, नोव्हेंबरात न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीविरुद्धच्या मॅचमध्ये युनियन कॉलेजचा एक खेळाडू मेला, त्यावर न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीचे प्रमुख मॅक्रॅकन यांनी कॉलेजांची बैठक घेतली, डिसेंबरअखेर 62 कॉलेजं जमली, आणि कॉलेजांच्या खेळांवर देखरेख करणारी आजची संस्था एनसीएए त्यातूनच उभी राहिली. 1906 मध्ये फॉरवर्ड पासला, म्हणजे बॉल पुढे फेकायला, परवानगी मिळाली. तीन डाउनमध्ये 5 ऐवजी 10 यार्ड करावे लागणार असं ठरलं, त्यामुळे नुसतं ढकलून भागेना. दोन्ही लाइनच्या मधे मोकळी पट्टी आली, लाइनवर किमान सहा माणसं सक्तीची झाली. तरीही मृत्यू थांबले नाहीत, मग 1910 मध्ये बॉलवाल्याला ढकलणं-ओढणंच बंद केलं आणि लाइनवर सातजण उभे करायला लावले.

हा सगळा बदल समितीच्या एकदोन बैठकांचं काम होतं, पैसा लागणार नव्हता, नवीन शोध लागणार नव्हता. 7 डिसेंबरला व्हेटो टाकताना ॲटकिन्सन यांनी त्यासोबत एवढंच म्हटलं असतं की बंदी नको, पण गठ्ठ्याने चाल करणं थांबवल्याशिवाय राज्याच्या विद्यापीठाची टीम मैदानात उतरणार नाही, तर डडलींच्या संस्थेला हलावंच लागलं असतं, दक्षिणेतली कॉलेजं आपसातल्या मॅचपुरता तरी वेगळा नियम करू शकली असती. ॲटकिन्सन 1899 मध्ये, वयाच्या 44 व्या वर्षी वारले, 1905 चा गदारोळ त्यांनी पाहिलाच नाही. पण त्या दिवशी ज्यांच्या हातात पेन होतं त्यांच्यात विद्यापीठही ओळखणारे, मुलांचं प्रेमही समजणारे आणि अधिकारही असणारे तेच एकटे होते, म्हणून माझी अपेक्षाही त्यांच्याकडूनच.